चित्र आधी, धडा मागून

जामबागेतल्या विवेकवर्धिनी शाळेच्या स्थापनेची गोष्ट निघाली की आमच्या हैदराबादी मराठी घरांत केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक ही दोन नावं हमखास येतात. तिसरं नाव येतं ते ‘वेदमहर्षी पंडित सातवळेकर’ असं, हात जोडून. त्याबद्दल माझी एक बारीक तक्रार आहे. श्रीपाद दामोदर सातवळेकर विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबादेत आले, तेव्हा त्यांचा धंदा चित्रकाराचा होता. सावंतवाडीजवळच्या कोलगावचा हा तरुण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकला होता. इथे तो व्यक्तिचित्रं आणि छायाचित्रं काढून चरितार्थ चालवत होता. वेद, आर्यसमाज, ‘विश्ववृत्त’ मासिकातला तो गाजलेला लेख, त्यावरचा खटला, पुढे औंध आणि पारडी हे सगळं त्यांच्या चरित्रात आहेच. पण जामबागेत ज्यांनी मराठी पोरांसाठी शाळा उभी केली त्यांत एक पेंटर होता, हे आपण विसरतो. पहिलीच्या वर्गात चित्राचं पुस्तक उघडून बसलं की कुणीतरी दारातून डोकावून ‘बाई, आज शिकवणं नाही वाटतं?’ असं विचारणारच. अशा वेळी मला सातवळेकरांचा आधार वाटे.

मी मूळची नांदेडची. लग्न होऊन हैदराबादेत आले आणि जामबाग, कोठी, सुलतान बाजार या पट्ट्यातल्या मराठी वर्गांवर पहिली-दुसरीला शिकवत राहिले. त्यामुळे पुढे जो इतिहास सांगणार आहे तो संशोधकाचा नाही. खडूने हात पांढरे झालेल्या बाईचा आहे, आणि बाईंना आपल्या वर्गापासून मागे मागे जायची सवय असते.

तशी मागे गेले तर चित्र दाखवून गोष्ट सांगायची रीत आपल्याकडे शाळेच्या कितीतरी आधीची. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी चित्रांची पोथी उभी धरून रामायण-महाभारतातली आख्यानं लावतात. पैठणची चित्रं त्याच कुळातली, आणि पैठण तर निजामाच्याच राज्यात होतं. इकडे तेलंगणात चेरियालचे नकाशी कलावंत लांबच लांब पट रंगवतात. कथेकरी तो पट टांगून जातीपुराण गातो आणि गोष्ट पुढे सरकेल तसा उलगडत नेतो. तिन्हीकडे व्यवस्था एकच. चित्र श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर, मजकूर सांगणाऱ्याच्या तोंडात. कुणाला अक्षर येतं आणि कुणाला नाही, हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही.

छापील पुस्तक आलं आणि हे उलटं झालं : मजकूर पुढे आला, चित्र मागे पडलं. तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यात १८०६ मध्ये ‘बालबोधमुक्तावली’ छापली गेली, इसापच्या गोष्टींची मराठी. महाराष्ट्राबाहेरच्या, दक्षिणेतल्या मराठी मुलांसाठी पुस्तक करण्याचा मान असा तंजावरकडे जातो, आणि आम्हा हैदराबादकरांना त्याचं कौतुक वाटणं साहजिक आहे. मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्र्यांचं ‘बाळमित्र’ आलं ते १८२८ मध्ये. ही सगळी पुस्तकं गोष्टीतून नीती शिकवण्यासाठीच केलेली होती. चित्रांची चव मराठी मुलांना लागली ती मिशनऱ्यांच्या ‘बालबोधमेवा’ मासिकातून, १८७२ पासून. त्यातले ठसे विलायती, म्हणून झाडं, कुत्री, घरं सगळं परदेशी. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपट्यांनी ‘आनंद’ सुरू केला आणि मराठी घरात मुलांचं म्हणून एक मासिक यायला लागलं. युरोपात मुलांना चित्रांतून शिकवण्याचा विचार फार जुना : शिक्षणतज्ज्ञ कोमेनियसने १६५८ मध्ये न्यूरेंबर्गला चित्रांचं पाठ्यपुस्तक छापलं, चित्रातल्या वस्तूंना आकडे घालून आणि शेजारी लॅटिन व जर्मन शब्द देऊन. म्हणजे भाषा शिकवायला चित्र वापरायचं, आणि तेही दोन भाषांच्या मधोमध ठेवून. जामबागेत हा माणूस सहज रमला असता.

कारण जामबागेतला मराठी वर्ग कधीच नुसता मराठी नव्हता. निजामाच्या राज्यात वरच्या वर्गांची भाषा उर्दू; १९१८ मध्ये निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दूत शिकवायचं. खासगी शाळेला सरकारची परवानगी लागे आणि ती सहजी मिळत नसे. शेजारचा सुलतान बाजार रेसिडेन्सीच्या हद्दीत होता, तो १९३३ मध्ये निजामाकडे परत आला. तोवर तिथे इंग्रजांचा अंमल, त्यामुळे श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयमसारखं तेलुगू ग्रंथालय १९०१ मध्ये तिथेच उभं राहिलं. देशी भाषांची पुस्तकं त्या चार गल्ल्यांत जरा मोकळा श्वास घेत. मराठी पुस्तक मात्र पुण्या-मुंबईहूनच यायचं. मग १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, हैदराबाद आंध्र प्रदेशची राजधानी झालं आणि आमची मराठी शाळा परराज्यातली शाळा झाली. माणसं तिथंच, वाडे तिथंच, फक्त पुस्तकांचं गाव आणखी लांब गेलं.

माझ्या वर्गात कोण कोण असे ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. विटा-खानापूरकडचे गलाईवाले, सोनं-चांदी आटवण्याच्या धंद्यात देशभर पसरलेले; चारमिनारकडच्या सोन्याच्या बाजारात त्यांची भट्टी, आणि मुलं आमच्याकडे. त्यांची मराठी माणदेशी. भालकी-औरादकडच्या मुलांच्या मराठीत कन्नड हेल. पिढ्यान्‌पिढ्या तेलंगणात राहिलेली आरे मराठी घरं. त्यांची मुलं घरात मराठी बोलत, पण त्यातला अर्धा शब्दसंग्रह तेलुगू. जामबागेच्या फुलबाजारात हार गुंफणाऱ्यांची मुलं, ती तर दखनीतच भांडायची. आणि दोन-चार सरकारी नोकरांची, पुस्तकातली मराठी बोलणारी. एकाला ‘इकडं या’ म्हटलं तर कळे, दुसऱ्याला ‘इधर आव’ म्हणावं लागे.

या सगळ्यांना अंकलिपी एकच. रस्त्यावर मिळते ती, रंगीत. ‘उ उखळाचा, ऐ ऐरणीचा, औ औताचा.’ अंकलिपीतलं चित्र ही मोठी मजेशीर चीज आहे. ते अक्षराचं चाकर. गणपती दिसला की ‘ग’ म्हणायचं आणि पुढे सरकायचं. गणपतीकडे बघत बसायचं नाही. औताचं चित्र बघून शहरातल्या पोरांना काहीच बोध होत नसे, ती पाठ म्हणत. ऐरणीपाशी मात्र एकदा गाडी अडली. गलाईवाल्याचा एक पोरगा उठून म्हणाला, ‘बाई, ही लोहाराची हाय. आमच्यातली बारकी असतीया.’ मग बारकी कशी असते, तिच्यावर काय ठोकतात, हातोडी कुठली, भट्टीत काय घालतात, असं सगळं निघालं. त्या तासाला ‘ओ’ आणि ‘औ’ राहून गेले. पण ‘ऐ’ त्या वर्गातला कुणी विसरला असेल असं वाटत नाही.

मी डी.एड. केलं तेव्हा पाठाचं टाचण काढायला शिकवलं होतं. हेतू, पूर्वज्ञान, साधने, प्रास्ताविक, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ, अशा त्या पायऱ्या. चित्राची जागा ‘साधने’ या रकान्यात, खडू-फळ्याच्या शेजारी. पुढ्याचा तक्ता, फ्लॅनेल बोर्ड, त्यावर चिकटवायच्या कापलेल्या आकृत्या. यावर गुण असत म्हणून आम्ही रात्र-रात्र जागून ते करत असू. तक्ता दाखवायचा, दोन प्रश्न विचारायचे, गुंडाळून ठेवायचा. चित्र जास्त वेळ समोर राहिलं तर मुलांचं लक्ष विचलित होतं, असं आम्हाला सांगितलेलं. विचलित होऊन ते जातं कुठे, हे कुणी विचारलं नाही.

विचारणारे होते, पण त्यांची पुस्तकं आमच्या अभ्यासक्रमाच्या टोकाला, परीक्षेपुरती. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेकांनी गोष्टींवर सगळी शाळा तोलली. त्यांच्या ‘दिवास्वप्न’मधला मास्तर चौथीचा वर्ग कशाने जिंकतो, तर गोष्ट सांगून. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचं ते काम मराठीत आणलं. नूतन बालशिक्षण संघ १९२६ चा, आणि पुढे बोर्डी, कोसबाड. माँटेसोरीबाईंना लहान मुलांसमोर पऱ्या-राक्षसांच्या गोष्टी नको होत्या. गिजुभाईंनी साधनं माँटेसोरीची घेतली आणि गोष्टींच्या बाबतीत बाईंचं ऐकलं नाही. आपल्याकडच्या बालशिक्षणातलं हे बंड मला सगळ्यात गोड वाटतं. पण एक खरं, की या मंडळींचा भर सांगण्यावर आणि करण्यावर होता. पुरेशी चित्रं आणि थोडा मजकूर असलेलं स्वस्त मराठी पुस्तक त्यांनाही कुठे मिळत होतं?

आम्हाला ते मिळालं तेलुगूच्या कृपेने. ‘चंदामामा’ १९४७ च्या जुलैत तेलुगू आणि तमिळमधून निघाला, नागिरेड्डी आणि चक्रपाणी यांचा. मराठी भावंड ‘चांदोबा’ १९५२ चं. मद्रासला एकाच ठिकाणी तयार होणारे अंक. गोष्टी त्याच, चित्रं तीच, फक्त भाषा निरनिराळी. वड्डादी पापय्यांची मुखपृष्ठं, शंकर यांनी काढलेला खांद्यावर वेताळ घेतलेला विक्रम. महाराष्ट्रातल्या मुलाला चांदोबा एकच. जामबागेतल्या मुलाला तो दोनदा भेटे : घरी मराठी, शेजाऱ्यांकडे तेलुगू. आमच्या आधीच्या पिढीतल्या एका बाईंनी मला ही युक्ती सांगितली होती. एकाच महिन्याचे दोन्ही अंक शेजारी शेजारी उघडायचे. ज्याला तेलुगू येतं तो तिकडचं पान वाचून सांगतो, ज्याला मराठी येतं तो इकडचं, आणि ज्याला दोन्ही येत नाही तो चित्र सांगतो. गंमत म्हणजे शेवटचा कधी कधी सगळ्यांत बिनचूक असे, कारण राजाच्या मागे उभा असलेला सेवक तोंड लपवून हसतो आहे हे वाचणाऱ्यांना दिसलेलंच नसे.

हीच गोष्ट नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयाची. मिकी पटेल यांची रूपा हत्तीण, आपल्या करड्या रंगावर नाराज असलेली, एकाच रूपात किती भाषांतून फिरली! आबिड्सला रविवारी फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडतात, तिथे ती मला हिंदीत सापडली, तेलुगूत सापडली, इंग्रजीत तर नेहमीच. मराठी प्रत मात्र पुण्याहून कुणी येणार असेल तर मागवावी लागे. मग मी सरळ तेलुगू प्रती घेऊ लागले. मजकुरावर कोऱ्या कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवायच्या आणि वर्गाने जे ठरवलं ते मराठी वाक्य त्यावर लिहायचं.

रशियन पुस्तकांचं तेच. कोठीजवळ बँक स्ट्रीटला विशालांध्रच्या दुकानात सोव्हिएत पुस्तकं तेलुगूत आणि इंग्रजीत मिळत. जाड कागद, ठळक रंग, आणि किंमत अशी की शिक्षिकेच्या पगारात दोन-तीन सहज यावीत. मराठीतही ती मॉस्कोहूनच भाषांतरित होऊन येत, अनिल हवालदारांसारखे मराठी अनुवादक तिकडेच राहून काम करत. १९९१ मध्ये सोव्हिएत देशच नाहीसा झाला आणि तो झरा आटला. त्यातली सुतेयेवची एक गोष्ट माझ्या फार कामाची. पाऊस आला म्हणून मुंगी एका इवल्याशा भूछत्राखाली शिरते. मग फुलपाखरू येतं, उंदीर येतो, चिमणी येते, ससा येतो आणि सगळे मावतात. कसे मावले? पुस्तक शेवटी विचारतं, उत्तर चित्रात आहे. आधीचं पान आणि नंतरचं पान ताडून बघितल्याशिवाय ते सापडत नाही. भूछत्र पावसात वाढलं हे मुलांनी शोधायला एक अख्खा तास घेतला. कुणी म्हणालं, ती आखडून बसली. कुणी म्हणालं, ओली झाली म्हणून बारीक झाली. आणि ज्याने शोधलं त्याने पुढे येऊन दोन पानांवर वीत लावून दाखवली. परिसर अभ्यास, मोजमाप आणि भाषा, तिन्ही विषयांचं टाचण एका पुस्तकात. टाचणवहीत मी तसं लिहिलंही.

चित्रपुस्तक वर्गात वाचायची म्हणून काही रीत असते, ती मला कुठल्या प्रशिक्षणात मिळाली नाही. पुस्तक मांडीवर धरायचं नाही, खांद्याच्या उंचीला बाजूला धरायचं; म्हणजे पान मुलांकडे आणि आपली मान वाकडी. ही मान पुढे जन्मभर दुखते. पाठांतरासारखं भरभर उलटायचं नाही. पान उलटण्याआधी थांबायचं. ‘काय दिसतंय?’ विचारलं की मुलं नावांची यादी देतात : झाड, गाय, माणूस. ‘काय चाललंय?’ विचारलं की क्रियापदं यायला लागतात, आणि क्रियापदापाशी मराठी खरी सुरू होते. ‘पुढं काय होईल?’ विचारलं की भविष्यकाळ आपसूक येतो, व्याकरणाचा तास न घेता. आरे मराठी घरातली मुलगी ‘पडतील’च्या जागी तिच्या घरचं रूप बोले. मी ते पट्टीवर तसंच लिहून खाली पुस्तकातलं लिहीत असे. दोन्ही ठेवायचं, खोडायचं काही नाही.

हे सगळ्यांना पटत असे असं नाही. तपासणीला आलेले एक अधिकारी पूर्ण तास मागे बसून होते. मुलं रूपाच्या अंगावरच्या रंगांवरून कडाकडा भांडत होती, कुठला रंग तिला शोभतो आणि कुठला नाही. शेवटी साहेब उठून पुढे आले, पुस्तक हातात घेतलं आणि वर्गाला विचारलं, ‘या गोष्टीवरून आपण काय बोध घेतला?’ सगळा वर्ग चिडीचूप. मग मागच्या बाकावरून सवयीचं उत्तर आलं : ‘नेहमी खरे बोलावे.’ साहेब खूश झाले. गोष्टीत खऱ्या-खोट्याचा कुठे संबंधच नव्हता! ‘बाळमित्र’ला तेव्हा दीडशेहून अधिक वर्षं होऊन गेली होती, पण त्याची सावली काही हटत नव्हती.

मराठीत चित्रपुस्तकाला स्वतःचं घर मिळालं ते माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत. माधुरी पुरंदरे यांची ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली पुस्तकं हाती आली तेव्हा माझ्या आधी माझ्या हातातली कात्री आणि खळ सुटली. ‘वाचू आनंदे’च्या भागांत साहित्याच्या उताऱ्यांशेजारी खरीखुरी चित्रं, लोककला, लघुचित्रं. चित्रकार आणि लेखक एकच बाई असली की मजकूर चित्राचं ओझं वाहत नाही, हे त्यांच्या यशच्या गोष्टींवरून कळतं. चेन्नईच्या तूलिकाने एकच पुस्तक अनेक भाषांत, मराठीतही, काढायला सुरुवात केली. आमच्या पट्ट्यांचं काम २०१५ पासून प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर लोक संगणकावर करू लागले, कुणीही कुठल्याही भाषेत. छानच आहे. एवढंच की तिथली बरीचशी मराठी पुण्याच्या बैठकीत बसलेली असते.

आणि मुलांचं घर पुस्तकात येतं का, हा प्रश्न त्यानंतरही राहतोच. हैदराबादच्या अन्वेषी संशोधन केंद्राने २००८ च्या सुमारास इंग्रजी, तेलुगू आणि मल्याळममधून मुलांच्या गोष्टींची एक मालिका केली. त्यात मुंडक्याच्या रश्श्यावर गोष्ट आहे, महंमद खदीर बाबू यांची; घरात बकऱ्याचं मुंडकं येतं, ते कसं साफ होतं, कोण काय करतं, कोणाच्या वाट्याला काय येतं. मराठीत ती मालिका नव्हती. मी वर्गात तोंडी सांगितली, चित्रं दाखवून. आधी दोघा-तिघांनी नाक मुरडलं, मग फुलबाजारातल्या एका मुलीने सांगितलं की त्यांच्याकडे पाया करतात आणि रात्रभर शिजवतात. ती मुलगी त्याआधी वर्गात उत्तर द्यायला कधी उठलेली नव्हती.

त्याच आठवड्यात परिसर अभ्यासाचा ‘आपले मदतनीस’ हा पाठ होता. भिंतीवरचा छापील तक्ता जुनाच : पोस्टमन, डॉक्टर, पोलीस, शिंपी, न्हावी, सगळे टोप्या-बिप्या घालून एका रांगेत. मुलांना म्हटलं, यात नसलेला, पण तुमच्या घरी असलेला एक मदतनीस काढून आणा. गलाईवाला आला, तोंडाला फडकं बांधलेला. हार गुंफणारी आई आली, पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवलेली. ऑटोवाला, इडलीच्या बंडीवाला, मिरचीभजीवाली आजी, कुणाचा तरी कापडदुकानात गाठोडी सोडणारा काका. इतके आले की तक्त्यावर जागा उरली नाही, म्हणून मुलांनी जुन्या चित्रांवरच नवी चिकटवली. पुढच्या तपासणीला साहेबांनी तक्त्याकडे बघून विचारलं, ‘पोस्टमन कुठे गेला?’

‘पोस्टमन आता कुठं येतो सर,’ पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘कुरियरवाला येतो. तो काढायचा राहिलाय.’